रिसॉर्टची खोली गार आणि शांत ठेवण्याचे काम : या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील अनेक मुले आयटीआयचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करतात आणि चोर्ला घाट उतरून गोव्यातील रिसॉर्टमध्ये मेंटेनन्सच्या कामाला लागतात. मीही याच वाटेने आलो आणि किनाऱ्यावर बरीच वर्षे काढल्यावर आता घाटाच्या वरच्या अंगाला, जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात काम करतो. नव्याने येणाऱ्यांना सर्वांत आधी हे सांगावेसे वाटते, की पाहुण्याची खोली गार ठेवणे आणि ती शांत ठेवणे ही दोन वेगळी कामे नाहीत. ‘खोली गार होत नाही’ ही तक्रार एसी मेकॅनिककडे येते आणि ‘आवाजाने झोप लागली नाही’ ही तक्रार रिसेप्शनवरच खोली बदलून देऊन मिटवली जाते; वास्तविक दोन्हींचे मूळ पुष्कळदा एकाच फटीत, यंत्र टांगण्याच्या एकाच ब्रॅकेटमध्ये किंवा चुकीच्या टनेजमध्ये, म्हणजे एसीच्या गार करण्याच्या क्षमतेत असते.

आपल्याकडच्या माणसाला उन्हाळा म्हणजे कोरडे ऊन एवढेच ठाऊक असते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे एप्रिलमध्येही रात्री हवेत गारवा येतो. किनाऱ्यावर मात्र खरा सामना दमटपणाशी असतो. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्या हवेतील बाष्प सुमारे २६ अंशांनाच पाणी होऊन साचू लागते. म्हणजे २४ अंशांवर ठेवलेल्या खोलीत ती हवा जेथून शिरेल तेथे आरशावर, भिंतीवर आणि कपाटाच्या मागच्या बाजूला दव धरणारच. कुबट वास येणाऱ्या खोलीत गेल्यावर आधी एसी उघडू नका. बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा दिवसभर चालू राहिला आहे का, ते पाहा. तो पंखा खोलीतील गार हवा बाहेर टाकतो आणि तेवढीच दमट हवा दाराखालच्या फटीतून आत ओढतो. कणकुंबीच्या पावसाळ्यात तर तापमान मुळातच कमी असते, हवा मात्र पाण्याने भरलेली असते. तेथे एसी १८ वर लावून काही साधत नाही, एसीचा ड्राय मोड किंवा हवेतील ओल शोषणारे स्वतंत्र यंत्र, डीह्युमिडिफायर, लागते.

टनेजबद्दल मालक आणि व्यवस्थापक यांच्याशी तुम्हाला वाद घालावा लागेल, आणि तो घालावा असे माझे स्पष्ट मत आहे. १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता बाहेर काढण्याची क्षमता, अर्थात सुमारे ३.५ किलोवॅट, हे वर्गात पाठ केलेले असते. पण ‘मोठे यंत्र लावले की पाहुणा खूश’ ही समजूत वर्गाबाहेर सर्वत्र भेटते. इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारी सोय) नसलेले मोठे यंत्र लहान खोलीला काही मिनिटांत गार करते आणि बंद पडते. कॉइलवरून, म्हणजे यंत्रातील गार नळ्यांवरून, हवा पुरेसा वेळ न फिरल्यामुळे ओल तशीच राहते, आणि कॉम्प्रेसर रात्रभर पुन्हा पुन्हा धक्का देऊन सुरू होत राहतो. पाहुण्याला ओलसर गारवा मिळतो, वर झोपही मोडते. त्यापेक्षा पश्चिमेच्या भिंतीला सावली द्यावी. जांभ्याची जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि पाहुणा झोपायला आल्यावर ती उष्णता आत सोडते. बाहेरून वेल, पडवी किंवा रुंद छज्जा असला की निम्मे काम यंत्राविना होते. कौलारू छपराखाली फॉल्स सीलिंग असेल, तर मधल्या पोकळीतील तापलेली हवा वरून बाहेर जायला वाट हवी.

आवाज दोन वाटांनी येतो, हवेतून आणि बांधकामातून. हवेतून येणाऱ्या आवाजाला दाराच्या तळाची ब्रश-पट्टी आणि खिडकीच्या कडेचे रबर थोपवते, आणि तीच पट्टी दमट हवाही अडवते. बांधकामातून येणारा आवाज ओळखणे कठीण. एका रिसॉर्टमध्ये पलंगाच्या उशाकडील भिंतीच्या बाहेरच्या बाजूला आउटडोअर युनिटचे ब्रॅकेट ठोकले होते. खोलीत उभे राहिले तर काही ऐकू येत नव्हते. उशीवर डोके ठेवले की सलग घुमणारा आवाज येई, आणि भिंतीला तळहात लावला तर थरथर जाणवे. नुसते रबरी पॅड घालून फरक पडला नाही, कारण तांब्याची नळी भिंतीच्या भोकात सिमेंटने घट्ट बसवली होती. युनिट जमिनीवरच्या स्वतंत्र काँक्रीटच्या ओट्यावर नेले, नळीला मोकळा वळसा दिला आणि भोक मऊ इन्सुलेशनने भरले, तेव्हा ती भिंत शांत झाली.

आकड्यांचा अंदाज असावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तर झोपण्याच्या खोलीत आत ३० डेसिबलच्या आसपास आवाज असावा अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणून १ मीटरवर ७५ डेसिबलच्या मर्यादेत बसणारा जनरेटरही खिडकीलगत ठेवला तर झोप लागू देत नाही; जागा ठरत असतानाच बोलावे.

शिकण्याची माझी पद्धत साधी आहे. परवानगी घेऊन रात्री एका रिकाम्या खोलीत पलंगावर आडवे पडा आणि एकेक वस्तू बंद करत जा : फ्रीज, पंखा, इनडोअरचा ब्लोअर, शेवटी कॉम्प्रेसर. कोणत्या वेळी कान सुटल्यासारखे वाटले, ते वहीत लिहा. हाऊसकीपिंगच्या ताईंना विचारा. कोणत्या खोलीची चादर ओलसर लागते हे त्यांना आपल्याआधी कळते. एसी २४ वर आणि छताचा पंखा मंद ठेवून पाहा. खोलीच्या एसीसाठी हे २४ अंश १ जानेवारी २०२० पासून मूळ सेटिंग म्हणून ठरलेले आहेत, आणि पंखा सोबतीला असेल तर बहुतेक पाहुण्यांना २५-२६ सुद्धा पुरते.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. एसीत भरला जाणारा आर-३२ वायू पेट घेऊ शकतो. लाइनमध्ये तो असताना ब्रेझिंगची (नळ्या तापवून जोडण्याची) ज्योत लावू नये. गळती तपासण्यासाठी दाब कोरड्या नायट्रोजनचाच द्यावा. ऑक्सिजन कॉम्प्रेसरच्या तेलाशी भेटला तर स्फोट होतो. घाई असली, वरिष्ठ ओरडत असले, तरीही नकार द्यावा.

नोकरी घेण्याआधी एकदा रिसॉर्टभोवती फेरी मारून येण्याची विनंती करा. आउटडोअर युनिट कोठे टांगली आहेत, किनाऱ्यावर असेल तर त्यांच्या कॉइल खाऱ्या वाऱ्यामुळे गंजल्या आहेत का, त्या गोड्या पाण्याने धुण्याचे वेळापत्रक आहे का, आणि मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, ड्रेन पाईप साफ करायला माणसे व वेळ देतात का, हे विचारा. पगाराइतकेच महत्त्व या उत्तरांना द्यावे, कारण पुढची सारी पावसाळी रात्रपाळी त्यांवर अवलंबून असते.