रंग ठरवायला बसण्याआधी खिडकीबाहेर बघा

आपल्या चेहऱ्याला कपड्यांचे आणि मेकअपचे कोणते रंग शोभतात ते घरीच ठरवायचं, तर कपडे, आरसा, लिपस्टिक सगळं नंतर. आधी खिडकीबाहेर काय आहे ते बघा. मुंबईत शेजारची एखादी इमारत दुरुस्तीला निघालेली असतेच, आणि तिच्यावर हिरवी जाळी. नाहीतर पावसाळ्यासाठी बांधलेली निळी ताडपत्री. त्यातून गाळून आलेला उजेड चेहऱ्यावर पडतो. हिरव्या जाळीमागे डाळिंबी आणि आमसुली मलूल होतात, गव्हाळ त्वचा कळकट दिसते आणि अंडरटोन, म्हणजे त्वचेची आतली छटा, ऑलिव्ह (हिरवट) आहे असं वाटून बसतं. मागच्या खेपेला माझ्याकडून नेमकं हेच बघायचं राहिलं आणि अख्खी निवड चुकली. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. काही मिनिटांत ते त्या उजेडाला सरावतात, मग पांढरा कागदसुद्धा पांढराच दिसतो. जाळी, ताडपत्री, समोरची रंगवलेली भिंत यांपैकी काही असेल तर खोली बदला. घरात तशी खोली नसेल तर शेजारी जाऊन बसा.

वेळ सकाळी 10 ते दुपारी 3. थेट ऊन नको. उत्तरेची खिडकी सगळ्यात बरी. ट्यूबलाइट आणि दिवे बंद. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र असले की चेहऱ्याची एक बाजू वेगळीच दिसते.

चेहरा धुतलेला, कोरा. बाहेरून आला असाल तर अर्धा तास पंख्याखाली बसा, लाली उतरू द्या. ब्लीच, फेशियल, थ्रेडिंग केलं असेल तर दोन दिवस थांबा. आदल्या दिवशी हळदीचं उटणं लावू नका, पिवळेपणा राहतो. केसांना मेंदी असेल तर ते पांढऱ्या फडक्यात बांधून टाका, तो केशरी तांबूसपणा तुमचा नाही. पिकलेले केस मात्र तुमचेच, ते दिसू द्या. टिकली, कानातले, चष्मा काढा. अंगातल्या गाऊनचा रंगही हनुवटीवर उमटतो, म्हणून छातीवर पांढरं उपरणं किंवा पंचा घ्या, काठ आत दुमडून. नीळ दिलेला नको.

कापडं विकत आणायची घाई करू नका. ओटीत आलेले ब्लाउजपीस कपाटात पडलेले असतातच, ते काढा. सॅटिन, जरीचे बाजूला, चकाकी चेहऱ्यावर फेकली जाते. कमी पडतील ते रंग मॅचिंग सेंटरमधून टू बाय टू रुबियात अर्धा-अर्धा मीटर आणा. जोड्या लावा, एक थंड (निळसर झाक) आणि एक उबदार (पिवळसर झाक): पांढराशुभ्र आणि मोतिया, राणी आणि विटकरी, लिंबू पिवळा आणि हळदी, बॉटल ग्रीन आणि शेवाळी, राखाडी आणि चॉकलेटी. एकटा रंग बघून काहीच कळत नाही. पॅरिसच्या गोबलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्याच्या रंगशाळेचा प्रमुख शेव्ह्रल याने 1839 मध्ये हेच मांडलं होतं: रंग कसा दिसतो ते शेजारी कोणता रंग आहे त्यावर ठरतं. इथे शेजारी तुमचा चेहरा आहे.

कापड थेट हनुवटीखाली धरा, गळा झाकून. पाच सेकंद बघा, लगेच जोडीतलं दुसरं धरा. नजर कापडावर नको. डोळ्यांखाली, ओठांच्या कडेला आणि जबड्याच्या रेषेवर बघा. रंग जुळला तर काळी वर्तुळं हलकी होतात, जबडा रेखीव दिसतो. नाही जुळला तर ओठांभोवतीचा काळपटपणा वर येतो, चेहरा राखेसारखा किंवा पिवळट होतो. आणि नजर आधी कापडावरच जात असेल तर तो रंग तुम्हाला जड आहे. मध्येच कुणी पडदा ओढला तर पुन्हा सुरुवात करा. पडद्याचा रंगसुद्धा जाळीइतकाच घात करतो.

अंडरटोन ओळखायला मनगटाच्या शिरा बघण्यात वेळ घालवू नका, सावळ्या त्वचेखाली त्या बहुधा हिरवटच दिसतात. माणसांना वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा अशा गटांत बसवून रंग सांगणारे चार ऋतूंचे साचेही सोडा. काळे केस, काळे डोळे म्हटलं की आपण बहुतेक सगळे त्यातल्या एक-दोन ऋतूंत कोंबले जातो. त्यापेक्षा उबदार की थंड, फिका की गर्द, लख्ख की मळकट एवढं तपासा. आणि सावळ्यांनी फिकंच घालावं हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. गर्द राणी, चिंतामणी, आमसुली सावळ्या रंगावर काय खुलतात ते एकदा चांगल्या उजेडात बघा. चांगल्या म्हणजे जाळी नसलेल्या.

मेकअपचं थोडक्यात. फाउंडेशन जबड्यापासून मानेपर्यंत ओढा, 10-15 मिनिटं थांबा, काही शेड हवा लागून गडद होतात. लिपस्टिक मनगटावर नको, ओठांवरच, टेस्टरवरून नव्या इअरबडने घेऊन; वरचा ओठ काळपट असेल तर रंग तिथे बदलतो. काजळ काळं जड वाटलं तर तपकिरी.

दादरच्या रानडे रोडला फुटपाथवर ओढणी घेताना वर बघा. डोक्यावर ताडपत्री असेल तर ओढणी घेऊन दोन पावलं उघड्यावर या, मगच भाव करा. ठरलेल्या रंगांचे बोटभर तुकडे कापून पर्समध्ये ठेवा.