ब्लिझार्ड सॉर्सरेस: डायब्लो २ रिझरेक्टेडमध्ये तिला काय घालायचं आणि कसं खेळायचं

डायब्लो २ मूळचा २००० सालचा आणि त्याची नवी आवृत्ती, रिझरेक्टेड, आली सप्टेंबर २०२१ मध्ये. त्यातली सॉर्सरेस म्हणजे हातात काही नसतानाही राक्षसांचा कळप लोळवणारी, पण अंगावर दोन फटके बसले की आडवी होणारी जादूगारीण. तिच्या बर्फाच्या झाडातलं ब्लिझार्ड हे स्किल गरीब सामानावरही चालतं, म्हणून पहिलं पात्र करायचं तर हेच करा. बहुतेक जण मात्र डॅमेजच्या आकड्यामागे धावतात आणि हेल डिफिकल्टीत (नॉर्मल, नाइटमेअर, हेल या तिन्हींतली सगळ्यात कठीण) अडकतात. या पात्रात डॅमेज स्किल पॉइंटमधून येतो. सामानातून मिळवायचा तो वेग आणि जीव.

आधी पॉइंटचा हिशेब

दर लेव्हलला पाच स्टॅट पॉइंट आणि एक स्किल पॉइंट मिळतो. स्टॅट पॉइंट सामान घालता येईल एवढेच स्ट्रेंग्थमध्ये टाका आणि बाकी सगळे व्हायटॅलिटीत. एनर्जीत शून्य. सॉर्सरेसला एका व्हायटॅलिटी पॉइंटमागे दोन लाइफ मिळतात, आणि मानाची, म्हणजे जादूला लागणाऱ्या शक्तीची, चणचण पुढे स्पिरिट ही वस्तू आणि मर्सिनरी, म्हणजे भाड्याचा साथीदार, मिळून भागवतात. सुरुवातीला माना संपतो म्हणून एनर्जीत टाकलेले तीस-चाळीस पॉइंट नंतर लाइफमध्ये कमी पडतात.

स्किल पॉइंट लेव्हलशिवाय क्वेस्टमधूनही (खेळातल्या कामगिऱ्यांतूनही) येतात: डेन ऑफ ईव्हिलचा एक, राडामेंटचा एक, इझुआलचे दोन. म्हणजे प्रत्येक डिफिकल्टीत चार, एकूण बारा. इझुआल टाळून पुढे जाणारे बरेच असतात. दोन पॉइंट सोडून जाऊ नका.

पहिल्या पंचवीस लेव्हल आगीवर काढा. बाराव्या लेव्हलला फायर बॉल मिळतो, तोवर फायर बोल्ट. सहाव्या लेव्हलला स्टॅटिक फील्डमध्ये एक पॉइंट टाकाच. ते राक्षसाच्या त्या क्षणी असलेल्या लाइफचा पाव हिस्सा काढतं. नॉर्मलमध्ये चार वेळा मारलं की ज्याचा विजेला विरोध नाही असा बॉस १०० वरून ७५, ५६, ४२ असं करत साधारण ३२ टक्क्यांवर येतो. नाइटमेअरमध्ये ते ३३ टक्क्यांखाली आणि हेलमध्ये ५० टक्क्यांखाली काम करत नाही, पण तिथेही अर्धं काम फुकटात होतं.

एकोणिसाव्या लेव्हलला लीफ नावाचं रूनवर्ड वापरता येतं. रूनवर्ड म्हणजे वस्तूच्या सॉकेटमध्ये, म्हणजे भोकांत, रून नावाचे जादूचे दगड ठरलेल्या क्रमाने बसवून होणारी वस्तू. दोन सॉकेटच्या साध्या काठीत टिर आणि मग राल घाला, आगीच्या सगळ्या स्किल्सना तीनची भर पडते. काठीवर आधीच फायर बॉलचे एक-दोन पॉइंट असतील तर तीच निवडा. त्याआधी सतराव्या लेव्हलला स्टेल्थ: दोन सॉकेटच्या चिलखतात टाल, मग एथ. त्यातून कास्ट करण्याचा, चालण्याचा आणि फटक्यातून सावरण्याचा वेग प्रत्येकी २५ टक्क्यांनी वाढतो. इतक्या स्वस्तात याहून चांगलं चिलखत मिळत नाही.

ब्लिझार्ड चोविसाव्या लेव्हलला उघडतं, पण लगेच उडी मारू नका. साधारण सव्विसाव्या लेव्हलला, इझुआल झाल्यावर, पहिल्या गावातल्या आकारा नावाच्या बाईकडून सगळे पॉइंट मोकळे करून घ्या. डेन ऑफ ईव्हिल पूर्ण केल्यावर प्रत्येक डिफिकल्टीत एकदा ही सोय मिळते. सव्विसाव्या लेव्हलला हाती २९ पॉइंट असतात. ते असे लावा: आइस बोल्ट, फ्रॉस्ट नोव्हा, फ्रोझन आर्मर, वॉर्म्थ, स्टॅटिक फील्ड, टेलिकायनेसिस आणि टेलिपोर्ट यांत एकेक, म्हणजे सात. ब्लिझार्डमध्ये तीन, कारण या लेव्हलला त्याहून जास्त टाकताच येत नाहीत. ग्लेशियल स्पाइकमध्ये नऊ, तीही तिथली मर्यादाच. उरलेले दहा आइस ब्लास्टमध्ये. आइस बोल्ट, आइस ब्लास्ट आणि ग्लेशियल स्पाइक यांचा प्रत्येक पॉइंट ब्लिझार्डच्या डॅमेजमध्ये पाच टक्के भर घालतो, त्यामुळे यातला एकही वाया जात नाही.

पुढे दर लेव्हलला ब्लिझार्ड वीसपर्यंत न्या, मग ग्लेशियल स्पाइक, आइस ब्लास्ट आणि शेवटी आइस बोल्ट. तिसाव्या लेव्हलला कोल्ड मास्टरीत एक पॉइंट टाकून ठेवा. ८५ व्या लेव्हलला सगळ्या क्वेस्ट झालेल्या असतील तर ९६ पॉइंट होतात: चार स्किल्सना वीस-वीस, सहा सुटे, आणि दहा कोल्ड मास्टरीला. मास्टरी पहिल्या पॉइंटला राक्षसाचा थंडीचा विरोध २० टक्क्यांनी कमी करते आणि पुढच्या प्रत्येकाला पाचने. अंगावरच्या सामानातून सात स्किल मिळाले की ती सतराव्या पातळीवर जाते आणि आकडा बरोबर १०० होतो.

स्पिरिट, आणि ते का बिघडतं

या पात्राचा कणा म्हणजे स्पिरिट. टाल, थुल, ऑर्ट, आम्न, याच क्रमाने, चार सॉकेटच्या तलवारीत. सगळ्या स्किल्सना दोन, कास्टचा वेग २५ ते ३५ टक्के, सावरण्याचा वेग ५५ टक्के, २२ व्हायटॅलिटी आणि ८९ ते ११२ माना. पंचविसाव्या लेव्हलला वापरता येतं. ब्लिझार्डकडे वळायचं ते याच सुमारास, त्याचं कारण हा माना.

ते बिघडतं चार प्रकारे. एक, निळ्या नावाच्या तलवारीत रून घातले. रूनवर्ड फक्त साध्या, पांढऱ्या किंवा करड्या नावाच्या वस्तूत होतं, सुपीरियर चालते. दोन, पाच किंवा सहा सॉकेटची तलवार घेतली. सॉकेट बरोबर चारच हवेत. तीन, क्रम चुकला. अशा वेळी होराड्रिक क्यूबमध्ये (वस्तू एकत्र करून बदलणाऱ्या पेटीत) ती वस्तू, एक हेल रून आणि एक टाउन पोर्टल स्क्रोल टाकले की सॉकेट रिकामे होतात, पण घातलेले रून नष्ट होतात. चौथी चूक लारझुक या लोहाराकडे होते. ॲक्ट ५ च्या, म्हणजे कथेच्या पाचव्या भागाच्या, पहिल्या क्वेस्टच्या बदल्यात तो साध्या वस्तूला सॉकेट पाडून देतो, पण किती ते वस्तूच्या अंतर्गत लेव्हलवर ठरतं. क्रिस्टल स्वोर्ड २६ ते ४० लेव्हलची असेल तर चार सॉकेट मिळतात. २५ पर्यंतची असेल तर तीन, ४१ पासून पुढची असेल तर सहा. म्हणून नॉर्मलच्या गायींच्या लेव्हलमध्ये पडलेली क्रिस्टल स्वोर्ड जपून ठेवा, ती नेमकी या पट्ट्यात बसते. ब्रॉड स्वोर्डला मुळात चारच सॉकेट पडू शकतात, त्यामुळे ती २६ च्या वर कुठलीही चालते. क्रिस्टल स्वोर्डला ४३ स्ट्रेंग्थ लागते, ब्रॉड स्वोर्डला ४८.

रून कुठून आणायचे? ब्लॅक मार्शमधल्या पडक्या मनोऱ्याच्या पाचव्या तळघरात काउंटेस नावाची राक्षसीण आहे. तिच्या खास रूनच्या वाट्यात नॉर्मलमध्ये रालपर्यंतचे रून मिळतात, म्हणजे स्टेल्थ आणि लीफ तिथूनच होतात. थुल, ऑर्ट, आम्नसाठी नाइटमेअरची काउंटेस बघा. नॉर्मलची हेलफोर्ज क्वेस्ट एल या सगळ्यात खालच्या रूनपासून आम्नपर्यंतचा कुठलाही एक रून देते. आम्न अडलाच तर तीन थुल आणि एक चिप्ड टोपाझ क्यूबमध्ये टाकून तो करता येतो.

ढालीसाठी घाई नको. स्पिरिट ढालीतही होतं आणि तिथे थंडी, वीज आणि विष यांचा प्रत्येकी ३५ रेझिस्टन्स (विरोध) वर मिळतो. पण त्यासाठी सॉर्सरेस वापरते ती मोनार्क ढाल, तिला १५६ स्ट्रेंग्थ हवी. सॉर्सरेसची मूळ स्ट्रेंग्थ दहा. म्हणजे १४६ पॉइंट, जवळपास २९ लेव्हलची सगळी कमाई, आणि तेच व्हायटॅलिटीत गेले असते तर २९२ लाइफ. चार्म (नुसत्या जवळ बाळगायच्या वस्तू) आणि बाकी सामानातून पंचवीस-तीस स्ट्रेंग्थ मिळाल्याशिवाय हा सौदा परवडत नाही. तोवर लार्ज शील्डमध्ये एन्शंट्स प्लेज करा: राल, ऑर्ट, टाल. हे तिन्ही रून ॲक्ट ५ मध्ये बर्फात अडकलेल्या सैनिकांना सोडवल्यावर बक्षीस म्हणूनच मिळतात. थंडीचा ४३ आणि आग, वीज, विष यांचा ४८ रेझिस्टन्स, आणि स्ट्रेंग्थ लागते फक्त ३४.

वेग पायऱ्यांनी वाढतो

कास्टचा वेग सरळ रेषेत वाढत नाही. सॉर्सरेससाठी पायऱ्या आहेत ९, २०, ३७, ६३, १०५ आणि २०० टक्के. शून्यावर एक कास्ट १३ फ्रेम घेतो आणि दर पायरीला एक फ्रेम कमी होते. खेळ सेकंदाला २५ फ्रेमने चालतो. दोन पायऱ्यांच्या मधला आकडा नुसता अंगावर मिरवायचा, त्याचा उपयोग शून्य.

याचं नेमकं उदाहरण घ्या. तलवार आणि ढाल दोन्ही स्पिरिट, दोन्हीवर ३० टक्के. बेरीज ६०. पायरी आहे ६३ ची, म्हणजे तुम्ही अजून ३७ वरच आहात, दहा फ्रेमवर. दहा टक्क्यांची एक साधी अंगठी घातली की ७०, आणि कास्ट नऊ फ्रेमवर येतो. आता त्या अंगठीऐवजी मेजफिस्ट हातमोजे, २० टक्के, आणि स्किन ऑफ द व्हायपरमेजाय चिलखत, ३० टक्के, घातलं तर ११०. पायरी १०५ ची, आठ फ्रेम. इथे अंगठी मोकळी झाली, तिथे स्टोन ऑफ जॉर्डन किंवा चांगला रेझिस्टन्स घाला. नवी वस्तू मिळाली की आधी ही बेरीज करा, मगच जुनी काढा.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: ब्लिझार्डला स्वतःचा १.८ सेकंदांचा थांबा आहे आणि कास्टच्या वेगाने तो कमी होत नाही. मग वेग कशाला? टेलिपोर्टसाठी. घेराव पडला तर बाहेर उडायला ०.३२ सेकंद लागतात की ०.५२, यावर हेलमध्ये जगणं-मरणं ठरतं.

रेझिस्टन्स

हेलमध्ये सगळ्या रेझिस्टन्समधून १०० वजा होतात. ॲक्ट ५ मध्ये आन्याला सोडवल्यावर मिळणारं स्क्रोल तिन्ही डिफिकल्टींत वाचलं तर ३० परत मिळतात. ७५ च्या मर्यादेला पोहोचायचं तर सामानातून प्रत्येक प्रकारचे १४५ हवेत. सगळे जमले नाहीत तर आग आणि वीज आधी भरा. आगीकडे खास लक्ष द्या, कारण स्पिरिट ढालीत तिचा रेझिस्टन्स अजिबात नाही. हेल्मेट किंवा चिलखताच्या सॉकेटमध्ये राल घातला की ३० मिळतात.

मर्सिनरी

ॲक्ट २ चा भालेवाला घ्या, नाइटमेअरमध्ये ग्रीझ या भरती करणाऱ्याकडून डिफेन्सिव्ह प्रकारचा. त्याच्याभोवतीचा होली फ्रीझ राक्षसांची चाल मंदावतो. हातात इनसाइट द्या: राल, टिर, टाल, सोल, चार सॉकेटच्या पोलआर्ममध्ये, म्हणजे लांब दांड्याच्या शस्त्रात. त्यातल्या मेडिटेशनने तुमचा माना भरत राहतो आणि पोशनच्या बाटल्या वाचतात. इथीरियल (जास्त जोरदार, पण दुरुस्त न होणारा) पोलआर्म मिळाला तर उत्तम, कारण मर्सिनरीच्या हातातल्या वस्तू झिजत नाहीत. त्याची स्ट्रेंग्थ त्या शस्त्राला पुरते का ते आधी पाहा.

प्रत्यक्ष खेळताना

ब्लिझार्डचे तुकडे ठरलेल्या जागेत इकडेतिकडे पडतात. राक्षस त्या जागेतून धावत बाहेर आला तर त्याला एखादाच तुकडा लागतो, उभा राहिला तर अनेक. नवखे लोक राक्षस जिथे दिसतो तिथे मारतात, तोवर तो निम्मं अंतर कापून पुढे आलेला असतो. तुमच्या आणि त्याच्या मधोमध मारा, किंवा मर्सिनरी भिडला आहे तिथे. मग १.८ सेकंद रिकामे घालवू नका, ग्लेशियल स्पाइक मारून कळप गोठवून त्याच जागेत धरून ठेवा. स्पाइकला स्वतःचा थांबा नाही, त्यामुळे हे जोडकाम कधीच अडत नाही. एकट्या बलदंड राक्षसावर स्पाइकऐवजी आइस ब्लास्ट.

टेलिपोर्ट केल्यावर मर्सिनरी तुमच्याजवळ येतो. तो मागे अडकला असेल, किंवा कळपाच्या छातीवर हवा असेल, तर कळपाशेजारी उडी मारा, ब्लिझार्ड टाका, लगेच परत उडा. टेलिपोर्ट एका ठरावीक बटणावर ठेवा आणि ते बटण कधी बदलू नका. घाबरलेल्या क्षणी बोट आपोआप तिथे गेलं पाहिजे.

हेलमध्ये थंडीला इम्यून, म्हणजे थंडी अजिबात न लागणाऱ्या, राक्षसांवर कोल्ड मास्टरीचा काहीच परिणाम होत नाही. त्यांच्याशी झुंजत बसू नका, मर्सिनरीवर सोडा किंवा ओलांडून जा. कोल्ड रप्चर नावाचा चार्म मिळाला तर इम्युनिटी तुटते आणि मग मास्टरी लागू पडते, पण त्या बदल्यात तुमचा स्वतःचा थंडीचा रेझिस्टन्स बराच घटतो, तो भरून काढावा लागतो.

तोवर सामान शोधायला दोन जागा पुरे. ॲक्ट २ च्या लॉस्ट सिटीखालची एन्शंट टनेल्स: लेव्हल ८५ ची जागा, आणि तिथले नेहमीचे राक्षस थंडीला इम्यून नसतात. दुसरी मेफिस्टोची. ड्युरन्स ऑफ हेटच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वेपॉइंटवरून (झटकन प्रवासाच्या थांब्यावरून) जिना शोधा, तिसऱ्यावर उडत जा, आणि रक्ताच्या खंदकाच्या एका काठावर तो, दुसऱ्यावर तुम्ही, असे उभे राहा. अंतर बरोबर असेल तर तो काठाशीच घुटमळतो आणि ब्लिझार्ड खाली झेलत राहतो. फार लांब गेलात तर तो मागे फिरतो, फार जवळ आलात तर मारतो. फिरला तर पुन्हा एकदा दिसेल इतकं जवळ जाऊन त्याला काठावर आणा आणि आपल्या जागी परत उडा.