स्टारक्राफ्ट २चं कॅम्पेन खेळताय? या चुका टाळा

'स्टारक्राफ्ट २' या कॉम्प्युटरवरच्या युद्धाच्या गेममधल्या 'झीरो अवर' मिशनमध्ये हरलेल्या कुणाचीही स्क्रीन बघा. वर उजव्या कोपऱ्यात मिनरल (गेममधला पैसा) १४००, खाली दोन बंकर जळतायत, आणि खेळणारा म्हणतो, "सैन्यच पुरत नाही." सैन्य त्या १४०० मिनरलमध्येच होतं. एक मरीन, म्हणजे साधा सैनिक, ५० मिनरलला पडतो. म्हणजे २८ मरीन कोपऱ्यात आकडा होऊन बसले होते.

'विंग्ज ऑफ लिबर्टी' हा स्टारक्राफ्ट २चा पहिला भाग २७ जुलै २०१०ला आला. नोव्हेंबर २०१७पासून त्याचं पूर्ण कॅम्पेन (एकट्याने खेळायच्या मिशनची मालिका) फुकट आहे, त्यामुळे आजही नवे लोक नायक जिम रेनरची गोष्ट सुरू करतात आणि बरेचसे पाचव्या-सहाव्या मिशनला सोडून देतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. या कॅम्पेनमध्ये जवळजवळ प्रत्येक मिशनचा नियम वेगळा आहे, आणि खरी मजा पुढेच आहे. सोडून देणारे अडकतात ते त्याच त्या चार-पाच गोष्टींत.

पैसा साठवणं

आपल्याला बचतीची सवय असते. इथे ती मोडावी लागते. मिनरल ४००च्या वर गेले की समजायचं, काहीतरी बनवायचं राहिलंय. त्यावर अनेक जण एकाच बॅरॅक्समध्ये (मरीन बनतात ती इमारत) पाच मरीन रांगेत लावतात आणि खर्च झाला म्हणून खूश होतात. पण गेम रांगेतल्या पाचही मरीनचे २५० मिनरल आधीच कापून घेतो आणि बनवतो एकेकच. उरलेले २०० मिनरल नुसते अडकून पडतात. त्याऐवजी १५० मिनरलमध्ये दुसरी बॅरॅक्स बांधा, किंवा आहे तिला रिअॅक्टर जोडा, म्हणजे एका वेळी दोन मरीन बनतील.

दुसरी बाजू एससीव्हीची, म्हणजे मिनरल खणणाऱ्या आणि इमारती बांधणाऱ्या कामगारांची. सुरुवातीची पाच मिनिटं सैन्यावरच लक्ष असतं आणि एससीव्ही बनवणारं कमांड सेंटर रिकामं बसतं. आठ मिनरलच्या ढिगांवर साधारण १६ एससीव्ही आणि प्रत्येक रिफायनरीवर (गॅस काढणाऱ्या इमारतीवर) तीन, एवढे होईपर्यंत कमांड सेंटर थांबू देऊ नका. मोकळा बसलेला एससीव्ही शोधायला एफ१ दाबा.

आणि सप्लाय डेपो, सैन्य वाढवायला जागा देणारी इमारत! "आणखी डेपो हवेत" अशी सूचना आल्यावर डेपो बांधायला घेणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. तो बांधून होईपर्यंत सगळ्या बॅरॅक्स बंद पडतात, आणि हल्ला नेमका तेव्हाच येतो. एक डेपो आठची जागा देतो. सहा-सात जागा उरल्या असतानाच पुढचा डेपो सुरू करा. बॅरॅक्स तीन-चार झाल्या की दोन-दोन डेपो एकदम बांधायचे.

राइट क्लिकने हल्ला

ही चूक एकट्याने खेळताना कळतच नाही, कारण दिसायला सगळं बरोबर दिसतं. तुम्ही वीस मरीन निवडता, शत्रूच्या बेसवर राइट क्लिक करता आणि ते निघतात. पण रिकाम्या जमिनीवर राइट क्लिकचा अर्थ आहे "तिथे जा". वाटेत झर्गलिंग (झर्ग या परग्रही शत्रूंतले छोटे प्राणी) चावत असले तरी मरीन बंदूक न उचलता चालत राहतात. माझ्या एका मावसभावाने याच पायी 'स्मॅश अँड ग्रॅब' चार वेळा हरलं. तो समजत होता, मरीन मुळातच कच्चे आहेत.

आधी 'ए' दाबा, मग जमिनीवर क्लिक करा. आता जो शत्रू दिसेल त्याच्याशी लढत सैन्य पुढे सरकेल. मेडिकही मरीनच्या सोबत याच पद्धतीने पाठवा. राइट क्लिकने पाठवलेल्या मेडिक वाटेत कुणालाही बरं न करता सरळ ठरलेल्या जागी जाऊन उभ्या राहतात. चार-पाच मरीनमागे एक मेडिक ठेवली की सुरुवातीच्या मिशनचा निम्मा त्रास संपतो.

सैन्याला आकडा द्यायची सवय पहिल्याच मिशनपासून लावा. कंट्रोल आणि १ दाबलं की निवडलेलं सैन्य १ वर बसतं, नंतर आलेले मरीन शिफ्ट आणि १ने त्यात मिळवायचे. बॅरॅक्स ४ वर ठेवल्या, तर लढाईवरची नजर न हटवता मरीन बनवता येतात. नवे मरीन मात्र एकेक करून थेट आघाडीवर जाऊ देऊ नका. ते वाटेतच मरतात. रॅली पॉइंट (नवे सैनिक जमायची जागा) बेसच्या तोंडाशी ठेवा, दहा-बारा जमले की एकत्र पाठवा.

मिशनचं घड्याळ न वाचणं

'झीरो अवर' म्हणजे २० मिनिटं तग धरायचं मिशन. तरी लोक झर्गचा तळ उद्ध्वस्त करायला निघतात आणि मागे बेस पडतो. तिथे बंकर भरलेले ठेवा आणि प्रत्येक बंकरच्या मागे दोन एससीव्ही उभे करा. त्यांच्या दुरुस्तीच्या चिन्हावर राइट क्लिक केलं की ते आपोआप दुरुस्ती करत राहतात. ही एक गोष्ट कळली की मिशनचा रंगच पालटतो. टेरन (माणसांची, म्हणजे आपली) इमारत एकदा लाल पट्टीपर्यंत आली की शत्रू निघून गेला तरी जळत राहते आणि शेवटी कोसळते, म्हणून दुरुस्ती हल्ल्यानंतर करू म्हणून चालत नाही.

'आउटब्रेक'मध्ये उलटं. रात्री संसर्ग झालेल्यांच्या झुंडी येतात, तेव्हा बंकरमध्येच राहायचं. उजाडलं की उन्हात त्या जळून जातात. तेवढ्या दिवसात हेलिऑन (आग फेकणाऱ्या गाड्या) घेऊन बाहेर पडायचं, संसर्ग झालेल्या इमारती पाडायच्या आणि अंधार पडायच्या आत परतायचं. "अजून एकच इमारत" म्हणत थांबलात की परतीची वाट बंद.

'डेव्हिल्स प्लेग्राउंड'मध्ये ८००० मिनरल गोळा करायचे असतात आणि खालच्या भागात ठरावीक वेळाने लाव्हा चढतो. सगळे एससीव्ही एका आकड्यावर ठेवा. सूचना आली की तो आकडा आणि उंचवट्यावर एक क्लिक. लाव्हा ओसरला की पुन्हा मिनरलवर क्लिक.

माझ्या मते सगळ्यात सुंदर मिशन 'सुपरनोव्हा'. आगीची भिंत नकाशावर सरकत येते आणि मागे काही उरत नाही. कमांड सेंटर आणि बॅरॅक्स उडवून पुढे नेता येतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. विसरतात ते सप्लाय डेपो आणि रिफायनरी. त्या उडत नाहीत, जळतात. डेपो जळले की जागा कमी होते आणि नवं सैन्य बनणं थांबतं. म्हणून पुढच्या जागी पोहोचल्यावर पहिलं काम डेपो बांधायचं.

प्रयोगशाळेतली घाई

रेनरच्या हायपेरिअन जहाजावरच्या प्रयोगशाळेत झर्ग आणि प्रोटॉस (दुसरी परग्रही जमात) संशोधनाच्या प्रत्येक पाच गुणांमागे दोनपैकी एक गोष्ट निवडायची असते. निवडली की परत नाही. तेव्हा निवडण्याआधी वेगळ्या नावाने गेम सेव्ह करा. एकाच सेव्हवर पुन्हा पुन्हा सेव्ह करणं ही तर सगळ्यात महागात पडणारी सवय.

डेपोची नेहमी बोंब असेल, तर प्रोटॉस संशोधनात ऑर्बिटल डेपो घ्या, ते बांधायला वेळच लागत नाही. गॅसकडे लक्ष राहत नसेल तर ऑटोमेटेड रिफायनरी, तिला एससीव्ही लागतच नाहीत. बरेच जण दिसायला भारी वाटणारं घेतात. मी म्हणेन, आपली कमजोरी झाकणारं घ्या. आणि हे गुण नकाशावरच्या जादा उद्दिष्टांतून मिळतात, अग्रिया ग्रहावरच्या झर्ग कोशांसारख्या. मुख्य काम संपलं की लगेच मिशन संपतं, म्हणून जादा उद्दिष्टं आधी उरका.

शस्त्रागारातही (सैन्य सुधारायची जागा) तेच. थोडा पैसा मरीनवर, थोडा व्हल्चर गाड्यांवर, थोडा रेथ विमानांवर टाकला की एक ना धड भाराभर चिंध्या. मरीन, मेडिक, बंकर आणि सीज टँक यांच्यावरच पैसे लावले तरी कॅम्पेन पार पडतं.

गेम अडखळत असेल तर

शेकडो झर्ग एकदम आले की जुना लॅपटॉप दमतो. सावल्या आणि इफेक्ट्स सगळ्यात खालच्या पातळीवर आणा. दोन मॉनिटर असतील आणि माउस दुसऱ्या स्क्रीनवर पळत असेल, तर पूर्ण स्क्रीन निवडा. हातच पुरत नसतील तर वेग कमी करा, किंवा त्या एका मिशनपुरती पातळी उतरवा. पातळी प्रत्येक मिशनच्या आधी बदलता येते, त्यासाठी कॅम्पेन पुन्हा सुरू करावं लागत नाही.

'ऑल इन'च्या आधी

'चार' नावाच्या ग्रहावरच्या या शेवटच्या लढाईआधी गेम विचारतो: जमिनीखालच्या नायडस बोगद्यांवर घाव घालायचा की उडणाऱ्या झर्गच्या तळावर? जे पाडाल ते शेवटी येणार नाही, दुसरं येणार. तुमचा भर टँक आणि बंकरवर असेल तर उडणारे पाडा. मग नायडस किडे बेसच्या आतच डोकं काढतात, त्यासाठी आठ-दहा मरीन, दोन मेडिक मोकळे ठेवा आणि किडा निघाला की बाकी सोडून आधी त्याच्यावर तुटून पडा. व्हायकिंग विमानांवर खूप खर्च केला असेल तर नायडस बंद करा.

आणि आर्टिफॅक्टचा, म्हणजे आपण राखत असलेल्या प्राचीन वस्तूचा, स्फोट पहिल्या लाटेवर वाया घालवू नका. ती लाट टँक थोपवतील. झर्गची राणी केरिगन स्वतः येऊन पुढचे बंकर फोडायला लागली, की तेव्हा बटण दाबा.