रॉयची थिअरी आणि अर्धा कोयता

बी.एस्सी. नर्सिंगला थिअरीचा तास म्हणजे दुपारच्या डुलक्यांचा तास. रॉयचं अडॅप्टेशन मॉडेल, म्हणजे माणूस बदलत्या परिस्थितीशी कसं जुळवून घेतो ते सांगणारी नर्सिंगची थिअरी, मीही तशीच घोकली होती. सिस्टर कॅलिस्टा रॉय, अमेरिकेच्या. डोरोथी जॉन्सन यांच्याकडे शिकताना १९६४ ला सुरुवात, १९७० ला पहिला लेख. जुळवून घेण्याचे चार मोड: फिजिऑलॉजिकल (शरीर), सेल्फ कन्सेप्ट (स्वतःबद्दलची भावना), रोल फंक्शन (माणसाची भूमिका), इंटरडिपेन्डन्स (नात्यांतला आधार). माणसावर परिणाम करणारे तीन स्टिम्युलाय: फोकल, कॉन्टेक्स्च्युअल, रेसिड्युअल. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एवढ्यावर भागतं.

माझी केस स्टडी बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड मामांची. शुगरमुळे जखम चिघळली, पाय गुडघ्याखालून काढलेला. फिजिऑलॉजिकल मोडची मी दोन पानं भरली. बाकी तिन्हींना एकेक ओळ. सेल्फ कन्सेप्टपुढे लिहिलं, ‘रुग्ण दुःखी आहे.’ मॅडमनी वही परत दिली. “दुःखी हा तुझा अंदाज झाला. तुला दिसलं काय ते लिही.”

मग बघायला लागले. मामा पायावरची चादर हलू देत नसत. ड्रेसिंगला भिंतीकडे तोंड. ताट तसंच परत. पाय गेल्याची लाज, असा अर्थ मी परस्पर लावून टाकला. तिसऱ्या दिवशी मामी डबा विसळता विसळता म्हणाल्या, “पाय गेल्याचं काय नाई माय, कोयता मोडला आमचा. आता मुकादमाची उचल कशी फिटावी?”

मराठवाड्याबाहेरून आलेल्या मुलींसाठी सांगते: इथं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे मजूर नेणारा मुकादम देतो ती आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते. एकटा माणूस अर्धा कोयता. रोल फंक्शन आणि इंटरडिपेन्डन्स हे दोन मोड मला वर्गात कधी वेगळे कळले नव्हते, मामींनी एका शब्दात दोन्ही सांगितले.

फोकल स्टिम्युलस म्हणून मी जखम लिहिली होती. पण फोकल म्हणजे त्या घडीला माणसाला सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट, आणि ती बदलत राहते. त्या दिवशी ती उचल होती. जखम, शुगर, वॉर्डातली गर्दी कॉन्टेक्स्च्युअलमध्ये, म्हणजे भोवतीच्या इतर कारणांत गेली. रेसिड्युअलचा, म्हणजे परिणाम असेल पण खात्री नाही अशा गोष्टींचा, रकाना जपून भरा. मामांच्या दंडाला काळा दोरा होता, म्हणून मी ‘करणीची भीती’ लिहिणार होते. विचारलं तर तो आईनं लहानपणी बांधलेला, सवयीनं राहिलेला. विचारून खरं ठरलं की ते रेसिड्युअल राहतच नाही, कॉन्टेक्स्च्युअल होतं. न विचारता लिहिलं तर व्हायव्हाला पकडतात, आणि बरोबरच करतात.

रॉयच्या मते नर्सनं हात घालायचा तो स्टिम्युलसला. म्हणून समाजसेवा अधीक्षकांना बोलावलं. अपंगत्वाचा दाखला, कृत्रिम पाय हे विषय निघाले. स्टंपला, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागाला, आठच्या आकड्यासारखी पट्टी कशी बांधायची ते मामींना शिकवलं. दोनदा सैल झाली, तिसऱ्यांदा जमली. मामा भिंतीकडून वळून बघत होते.

“बसल्या बसल्या काय काम होईल सिस्टर?” त्यांनी विचारलं.

इव्हॅल्युएशनच्या रकान्यात मी ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. शुगर त्या दिवशीही २४० होती.