इंटरव्हल अरिथमेटिक लिहिताय? या चुका टाळा

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांसाठी मोजमापाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलांचा कोड माझ्याकडे तपासायला येतो. हुशारी भरपूर असते, धीर नसतो, आणि चुका त्याच त्याच. इंटरव्हल अरिथमेटिक म्हणजे एका आकड्याऐवजी खालची आणि वरची अशा दोन हद्दी धरून केलेला हिशेब. त्याचा सगळा जीव एका हमीत आहे: खरं उत्तर खालच्या आणि वरच्या हद्दीच्या आतच असणार. ही हमी मोडली तर साधा डबल (संगणकातला नेहमीचा, साधारण १६ अंकी अचूकतेचा दशांश आकडा) परवडला. तो निदान खोटी खात्री देत नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे कंपायलरवर, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामवर, डोळे मिटून भरवसा. सी भाषेच्या १९९९च्या स्टँडर्डपासून राउंडिंगची (डबलमध्ये न मावणारं उत्तर लगतच्या डबलवर आणण्याची) दिशा बदलायला फेसेटराउंड (fesetround) हे फंक्शन आहे. मुलं खालच्या हद्दीसाठी राउंडिंगचा मोड ‘खाली’ करून भागाकार करतात, मग वरच्या हद्दीसाठी मोड ‘वर’ करून तोच भागाकार पुन्हा. वाचायला चोख. पण ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायची सोय) लावलं की जीसीसी या कंपायलरला ते दोन्ही भागाकार एकच दिसतात. तो एकदाच करतो आणि तेच उत्तर दोन्हीकडे देतो.

अंबडच्या एका कारखान्यात गेज (कारखान्यातली मापं) तपासणीचा प्रोग्राम असाच होता. लांबी २० अंश सेल्सिअसला धरायची ही आंतरराष्ट्रीय रीत, आणि नाशिकचा एप्रिल काही २०वर थांबत नाही. म्हणून मोजलेली लांबी पोलादाच्या प्रसरणाच्या हिशेबाने भागून २० अंशाला आणायची. डीबग बिल्डमध्ये, म्हणजे ऑप्टिमायझेशनशिवाय, दोन हद्दी वेगळ्या यायच्या. ओ-टू (-O2) हे ऑप्टिमायझेशन लावून रिलीज केला, तर दोन्ही शेवटच्या अंकापर्यंत सारख्या. मंडळी खूश, केवढा अचूक प्रोग्राम! लांबीत त्याने मायक्रॉनचाही फरक पडत नव्हता, म्हणून कुणाला खटकलं नाही. पुढे तेच फंक्शन उचलून समीकरणं सोडवणाऱ्या कोडमध्ये घातलं. तिथे जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी होते, सुरुवातीचे सारखे अंक उडून जातात आणि हातात उरते ती राउंडिंगची चूक. खरं उत्तर हद्दीबाहेर गेलं आणि सगळे सेन्सरच्या वायरी तपासत बसले.

माझी सवय सांगतो. प्रोग्राम सुरू होताच, रिलीज बिल्डमध्येच, १ भागिले ३ दोन्ही मोडमध्ये करून १७ अंकांत छापायचं. खाली १६ वेळा ३ आणि शेवटी १, वर १६ वेळा ३ आणि शेवटी ७ आलं तरच पुढे जायचं. १ आणि ३ हे दोन्ही आकडे व्होलाटाइल (किंमत कंपायलरने गृहीत धरू नये अशी खूण) ठेवायचे, नाहीतर कंपायलर भागाकार आधीच उरकून टाकतो. एफ-राउंडिंग-मॅथ (-frounding-math) हा जीसीसीचा फ्लॅग लावाच, पण तेवढ्यावर विसंबू नका.

दुसरी चूक आकडा आत घेतानाच होते. डबलमधला ०.१ हा खऱ्या ०.१पेक्षा किंचित मोठा असतो. म्हणजे [०.१, ०.१] असा इंटरव्हल केला तर त्यात ०.१ नाहीच! १ आणि १० हे पूर्णांक घ्या आणि दोन्ही दिशांनी भागा.

जावा किंवा पायथनच्या साध्या फ्लोटला राउंडिंगची दिशा बदलता येत नाही. मग शॉर्टकट येतो: दोन्हीकडे एक अब्जांश वाढवला की झालं. मला याची मनापासून चीड आहे. १० कोटींच्या आसपास लगतच्या दोन डबलमध्ये सुमारे १५ अब्जांशांचं अंतर असतं. तुमचा एक अब्जांश तिथे मिळवताक्षणी गायब होतो. प्रत्येक बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकारानंतर एक-एक डबल बाहेर सरका. त्यासाठी लगतचा डबल देणारं फंक्शन पायथनमध्ये ३.९पासून नेक्स्टआफ्टर आहे, जावात नेक्स्टअप आणि नेक्स्टडाउन. हद्द थोडी रुंद होते, पण खोटी होत नाही.

‘एवढ्याशा राउंडिंगने काय होतं’ म्हणणाऱ्यांनी व्हँकुव्हरचा शेअर निर्देशांक आठवावा. १९८२मध्ये १०००वर सुरू झाला. प्रत्येक वेळी पुढचे दशांश नुसते छाटले जात होते. १९८३च्या नोव्हेंबरात तो ५२४वर होता. नीट मोजल्यावर १०९८ निघाला.

बाकीचं थोडक्यात. काम झालं की राउंडिंग मोड पूर्ववत करा. वेगळ्या मोडमध्ये साइन, एक्सपसारखी फंक्शनं बोलावू नका. [१, २]मधून तोच इंटरव्हल वजा केला तर ० नाही, [−१, १] येतो, म्हणून सूत्रात तेच चल कमीत कमी वेळा येईल असं बघा. वर्गासाठी वेगळं फंक्शन लिहा. [−१, २]ला स्वतःने गुणलं तर [−२, ४] मिळतो, वर्ग मात्र [०, ४] असतो. तुलनेला ‘हो’ आणि ‘नाही’शिवाय ‘सांगता येत नाही’ हेही उत्तर ठेवा. आणि छापताना खालची हद्द खालीच, वरची वरच राउंड करा.