कानाने बीट जुळवताय? या चुका टाळा

"जुळतंय रे मामा, पण टिकत नाही."

माझा भाचा दोन महिन्यांपासून डीजेच्या कंट्रोलरवर बसतोय, बाहेर वाजणाऱ्या ट्रॅकच्या ठोक्यांवर हेडफोनमधल्या नव्या ट्रॅकचे ठोके बसवायला शिकतोय. मागच्या रविवारी मी लॅपटॉपच्या स्क्रीनवर टॉवेल टाकला आणि त्याला म्हटलं, आता जुळव. दोन हाऊस ट्रॅक (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत), दोघांच्या वेगात अगदी किंचित फरक. त्याने नवा ट्रॅक बरोबर पहिल्या ठोक्यावर सोडला, दहा सेकंद सगळं सुरेख चाललं, मग दोन्हींच्या किक (ड्रमचे जाड ठोके) सुट्या पडायला लागल्या. त्याने जॉग व्हीलला (कंट्रोलरवरच्या गोल चकतीला) पुढे टोचा दिला आणि जुळलं. थोड्या वेळाने परत सुटलं, परत टोचा. चार मिनिटांत त्याने अकरा वेळा जॉग व्हील ढकललं, प्रत्येक वेळी पुढेच. शेजारच्या टेम्पो फेडरला, म्हणजे वेगाच्या सरकत्या पट्टीला, एकदाही हात लावला नाही.

शिकणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक हीच, आणि माझ्या मते बाकीच्या निम्म्या अडचणी तिच्यातूनच निघतात.

लय वेगळी, जागा वेगळी

तबल्याच्या क्लासला किंवा भजनाला बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. टाळकऱ्यांत एखादा नवखा उभा राहिला की तो दोन प्रकारे चुकतो. एक तर त्याची लय सगळ्यांसारखीच असते, पण टाळ मधल्या जागी पडतो. नाहीतर तो समेवर सगळ्यांबरोबर सुरू होतो आणि चार आवर्तनांत पुढे पळतो. पहिल्याला नुसतं सरकवून जागेवर आणायचं असतं. दुसऱ्याला कितीही वेळा जागेवर आणलं तरी तो पुन्हा पळणारच, कारण त्याचा वेगच वेगळा आहे.

डेकवर, म्हणजे कंट्रोलरच्या एक ट्रॅक वाजवणाऱ्या बाजूवर, या दोन चुकांसाठी दोन वेगळी साधनं आहेत. जॉग व्हीलचा टोचा जागा दुरुस्त करतो आणि हात काढला की ट्रॅक आपल्या मूळ वेगावर परत जातो. वेग कायमचा बदलतो तो टेम्पो फेडरने. म्हणून मी भाच्याला एकच नियम दिला: एकाच दिशेने दोनदा टोचा द्यावा लागला, की तिसऱ्या वेळी टोचा देऊन लगेच फेडरही त्याच दिशेने किंचित सरकवायचा. पुढे ढकलावं लागत असेल तर ट्रॅक हळू आहे, वेग वाढवा. मागे ओढावं लागत असेल तर कमी करा.

उलटी चूकही तितकीच होते. ट्रॅक सोडताना हात जरा लवकर सुटला, ठोके थोडे पुढे-मागे पडले आणि माणूस घाबरून फेडर हलवतो. वेग बरोबर होता, तोही बिघडला. म्हणून सोडल्यावर आधी फक्त जागा लावा, मग हात काढून ऐका. अंतर वाढत नसेल तर फेडरला शिवायचं कारण नाही.

फेडर किती हलवायचा याचा अंदाज मोजून येतो. १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ ठोक्यांच्या) ट्रॅकमध्ये ६४ ठोके, म्हणजे १६ बार, बरोबर ३० सेकंदांत जातात. तेवढ्या वेळात नवा ट्रॅक पूर्ण एक ठोका सरकला तर फरक २ बीपीएमचा, अर्धा ठोका सरकला तर १ चा, पाव ठोका सरकला तर अर्ध्याचा. सुरुवातीला बोटांवर मोजा. महिनाभरात मोजायची गरज उरत नाही, किती वेगाने सुटतंय त्यावरूनच हाताला कळायला लागतं.

कोण पुढे आहे तेच कळत नाही

बहुतेक जण इथे कंटाळून सोडून देतात. दोन किक एकत्र असतात तेव्हा एकच घट्ट "धप्" ऐकू येतं. सुटायला लागल्या की आधी तो आवाज जाड होतो, मग "धडप्" होतो आणि शेवटी टापा ऐकू येतात. काहीतरी बिघडलंय हे कानाला लवकर कळतं, पण पुढे कोण आणि मागे कोण हे कळायला बरेच महिने लागतात. हे सगळ्यांचंच होतं.

चूक होते ती विचार करत थांबण्यात. तुम्ही विचार करत असता तोवर अंतर वाढत जातं आणि ओळखणं आणखी अवघड होतं. सरळ एका बाजूला टोचा द्या. आणखी बिघडलं तर दुसऱ्या बाजूला द्या. नवा ट्रॅक अजून फक्त तुमच्या हेडफोनमध्ये आहे, चुकलेला टोचा बाहेर कोणालाही ऐकू जात नाही.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. नवा ट्रॅक मुद्दाम थोडा जलद ठेवून सुरू करा. म्हणजे तो पुढे पळणार हे आधीच माहीत असतं. मग फेडर थोडा थोडा कमी करत पळणं थांबेपर्यंत यायचं. नेहमी एकाच बाजूने गेलात तर "पुढे पळणारा ट्रॅक" कसा ऐकू येतो ते कानात पक्कं बसतं, आणि उलटा आवाज आपोआप वेगळा कळायला लागतो.

आणि फक्त किक ऐकू नका. किकचा आवाज लांब असतो, दोन किक एकमेकींवर चढल्या की कडा पुसट होतात. हाय-हॅट (झांजेचा आवाज) आणि क्लॅप (टाळीचा) आखूड, टोकदार असतात. किक "बरी वाटतेय" तेव्हाही हॅट फुटलेल्या ऐकू येतात.

डोळे कानाला काम करू देत नाहीत

स्क्रीनवर दोन वेव्हफॉर्म (आवाजाच्या लाटांची चित्रं) समोरासमोर दिसत असतील, बीपीएमचे आकडे दिसत असतील, तर तुम्ही कानाने शिकत नाही आहात. डोळा आधी उत्तर देतो आणि कान गप्प बसतो. सराव करताना स्क्रीन झाका. कंट्रोलरवर आकडे दिसत असतील तर त्यावर कागद चिकटवा. सिंक (आपोआप वेग जुळवणारं) आणि क्वांटाइझ (आपोआप ठोक्यावर बसवणारं) दोन्ही बंद करा. १९७० च्या सुमारास न्यू यॉर्कच्या सँक्च्युअरी क्लबमध्ये डीजे फ्रान्सिस ग्रासो रेकॉर्ड जुळवायचा तेव्हा त्याच्यासमोर एकही आकडा नव्हता. टेक्निक्सचा एसएल-१२०० एमके२ हा १९७९ चा टर्नटेबल, त्यावर ८ टक्के वर-खाली जाणारा सरकता पिच फेडर होता. आजच्या डिजिटल डेकवरचा टेम्पो फेडर थेट त्याच्याच घरातला.

सिंकमुळे होणारा एक गोंधळ लक्षात ठेवा. सिंक वापरून बंद केल्यावर फेडर एका जागी असतो आणि ट्रॅकचा खरा वेग दुसरा असतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये फेडर त्या खऱ्या वेगाच्या जागेवरून पार जाईपर्यंत काहीच बदलत नाही. कंट्रोलर बिघडला म्हणून दुकानात न्यायच्या आधी फेडर एकदा वर-खाली पूर्ण फिरवून बघा.

आवाज उशिरा येतोय

घरी सराव करणाऱ्यांपैकी कितीतरी जण मास्टरचा, म्हणजे बाहेर जाणारा मुख्य आवाज ब्लूटूथ स्पीकरवर काढतात. असं करू नका. ब्लूटूथवर आवाज सहज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. १२० बीपीएमला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे कानात बरोबर जुळवलेलं बाहेर पाव-अर्धा ठोका चुकलेलं असतं, आणि तुम्ही दिवसभर स्वतःच्या कानाला दोष देत बसता. स्पीकर आणि हेडफोन दोन्ही वायरचेच हवेत.

हवेतून जाणाऱ्या आवाजालाही वेळ लागतो, हे मी एका हळदीच्या कार्यक्रमात शिकलो. लॉनच्या एका टोकाला माझं टेबल, दुसऱ्या टोकाला स्पीकरची भिंत, आणि टेबलाजवळ मॉनिटर, म्हणजे माझ्यासाठीचा स्पीकर, नाही. मी एका कानाने हेडफोन आणि दुसऱ्या कानाने तो लांबचा स्पीकर ऐकत जुळवत राहिलो. प्रत्येक मिक्समध्ये नाचणाऱ्यांचे पाय अडखळत होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १७ मीटरवरचा ठोका ५० मिलिसेकंद उशिरा येतो. तेवढा फरक टापा ऐकू येण्याइतका आहे. मॉनिटर मागून घ्या, आणि नसेलच तर दोन्ही ट्रॅक हेडफोनमध्येच घ्या. दोन्ही डेकची हेडफोनमध्ये ऐकवणारी क्यू बटणं दाबा, किंवा हेडफोनमध्ये नवा आणि चालू ट्रॅक मिसळणारा क्यू-मिक्सचा नॉब मधोमध ठेवा. बाहेरचा आवाज जुळवण्यासाठी ऐकूच नका.

हेडफोनचा आवाज फार मोठा ठेवणं हीही चूकच. नवा ट्रॅक कानात धडधडत असेल तर चालू ट्रॅक त्याखाली दबतो आणि तुलना करायला काही उरत नाही. दोन्ही कानांत दोन्ही ट्रॅक साधारण सारखे ऐकू आले पाहिजेत.

छोट्या गोष्टी, मोठा त्रास

फेडरची रेंज ±१६ टक्के ठेवली असेल तर सहा सेंटिमीटरच्या फेडरवर एका मिलिमीटरला अर्धा टक्का वेग बदलतो. एवढ्या जाड मापाने बारीक काम होत नाही. ±६ किंवा ±८ करा. जॉग व्हील कडेने ढकला. व्हायनल मोडमध्ये (चकती रेकॉर्डसारखी वागते तेव्हा) वरच्या पृष्ठभागावर बोट पडलं की ट्रॅक थांबतो.

गाणी कोणती घ्यायची

पहिल्याच आठवड्यात जुनं हिंदी फिल्मी गाणं किंवा ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग घेऊन बसू नका. पूर्ण वाद्यवृंद एकत्र बसून वाजवायचा त्या काळातल्या गाण्यांची लय श्वासासारखी हलते, आणि ढोल-ताशा तर चढत जाण्यासाठीच असतो. तिथे फेडर सतत हातात धरून चालावं लागतं. ते जमतं, आणि जमल्यावर फार सुंदर वाटतं, पण ते नंतर. दादऱ्याच्या सहा मात्रांचं गाणं चार-चार किकच्या ट्रॅकखाली सुरुवातीला बसवायला जाऊ नका.

सुरुवात एकाच ट्रॅकच्या दोन प्रतींनी करा. दोन्ही डेकवर तोच ट्रॅक लावा, स्क्रीन झाका, दुसऱ्या कोणाला तरी एका डेकचा फेडर हलवायला सांगा आणि तुम्ही जुळवा. दोन्हीकडे आवाज एकच असल्याने फरक स्वच्छ ऐकू येतो. मग वेगात जवळ असणारे दोन वेगळे हाऊस ट्रॅक घ्या.

सगळं जुळलं, तरी वाईट ऐकू येतंय

वेग बरोबर, किकवर किक, तरी कान नाही म्हणतो. आधी सम तपासा. हाऊसमध्ये क्लॅप बहुतेक वेळा दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असतो. नव्या ट्रॅकचा क्लॅप चालू ट्रॅकच्या पहिल्या-तिसऱ्यावर पडत असेल तर तुम्ही एक ठोका चुकलात. ट्रॅक क्यूवर, म्हणजे खूण केलेल्या सुरुवातीच्या जागेवर, परत न्या आणि एकावर सोडा, टेम्पो फेडर तसाच राहू दे. सम बरोबर असूनही धक्का बसत असेल तर मोठी आवर्तनं चुकली आहेत. या ट्रॅकमध्ये बदल साधारण ८, १६ किंवा ३२ बारांनी येतात. चालू ट्रॅकचं आवर्तन संपून नवं सुरू होताना सोडलात तर दोन्हीचे बदल एकाच वेळी येतील.

आणि हे सगळं तपासूनही आवाज गढूळच असेल, तर दोन्ही ट्रॅकचे बास एकाच वेळी वाजताहेत. नव्या ट्रॅकच्या आवाजाचा फेडर वर नेण्याआधी त्याचा लो (बासचा) नॉब पूर्ण खाली घ्या. नव्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर एका हाताने जुन्याचा लो उतरवा आणि दुसऱ्या हाताने नव्याचा चढवा.