नवा कन्सोल विकताय? काउंटरवरच्या या चुका टाळा

२०२४ चा गुढीपाडवा ९ एप्रिलला होता आणि प्लेस्टेशन ५, म्हणजे सोनीचा टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, त्याचं नवं स्लिम मॉडेल भारतात आलं ५ एप्रिलला. माल उतरला आणि चौथ्या दिवशी मुहूर्ताची गर्दी. तेव्हा मी ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका दुकानात गेमिंगच्या काउंटरवर होते. ट्रेनिंगच्या नावाखाली आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ आली होती, ती टीव्हीच्या ऑफर्सच्या मेसेजखाली कुठेतरी गेली. कोणी उघडली नाही, मीही नाही.

दुपारी कळव्याहून एक आजोबा नातवाला घेऊन आले. काउंटरवर दोन बॉक्स शेजारी शेजारी ठेवले होते, एक ५४,९९० चा, दुसरा ४४,९९० चा. "यात फरक काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काका, मशीन तेच आहे, हे फक्त ऑनलाइनवालं." त्यांनी स्वस्तातला घेतला. नातवाने क्रिकेटच्या गेमची डिस्क उचलली. दोन्हींचं बिल मीच केलं.

रात्री फोन आला. "अहो ताई, ही डिस्क घालायची कुठे?"

घालायला जागाच नव्हती. तो स्वस्तातला बॉक्स डिजिटल मॉडेलचा, त्याला डिस्क ड्राइव्ह नसतो. दुसऱ्या दिवशी तो मुलगा काउंटरसमोर उभा होता, हातात तीच डिस्क, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. कन्सोलचा बॉक्स फोडलेला, त्यामुळे तो बदलून मिळेना. शेवटी मॅनेजरच्या मागे लागून डिस्क परत घेतली आणि तेवढ्या रकमेचं गिफ्ट कार्ड दिलं. स्लिमच्या डिजिटल मॉडेलला ड्राइव्ह नंतर वेगळा घेऊन जोडता येतो, आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, एवढंही मला तेव्हा सांगता आलं नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच, ठोकून देणं. गिऱ्हाईक उभं आहे, मागे रांग आहे, म्हणून तोंडाला येईल ते सांगायचं. "मला नक्की माहीत नाही, दोन मिनिटं द्या, बघून सांगते" असं म्हटल्यामुळे माझी एकही विक्री गेली नाही. अंदाजपंचे बोलून मात्र माणसं गेली.

बॉक्स दाखवण्याआधी घरची चौकशी करा

जीबी आणि टेराबाइट नंतर. आधी विचारा, घरी जुना प्लेस्टेशन आहे का? त्याच्या डिस्क आहेत का? असतील तर ड्राइव्हवालंच मॉडेल दाखवा. प्लेस्टेशन ४ चे बहुतेक सगळे गेम ५ वर चालतात, प्लेस्टेशन ३ च्या डिस्क चालत नाहीत. "जुना कंट्रोलर चालेल" हे अर्धवट सांगू नका. ४ चा कंट्रोलर ५ ला जोडता येतो, पण त्यावर ४ चेच गेम खेळता येतात. दोन भावंडं मिळून खेळणार असतील तर दुसरा कंट्रोलर लागणार, हे बिल करण्याआधी कळलेलं बरं.

टीव्हीबाबत उलटी चूक होते. "फोर-के टीव्ही नसेल तर उपयोग नाही" असं सांगून लोकांना टीव्हीच्या विभागात पाठवलेलं मी पाहिलंय. एचडीएमआय असलेल्या साध्या फुल एचडी टीव्हीवर प्लेस्टेशन ५ व्यवस्थित चालतो. एचडीएमआय केबल बॉक्समध्येच असते, वर आणखी एक गळ्यात मारू नका. स्लिम उभा ठेवायचा असेल तर स्टँड मात्र वेगळा घ्यावा लागतो, बॉक्समध्ये फक्त आडवा ठेवायचे छोटे पाय येतात. समोरचे दोन्ही पोर्ट टाइप-सी आहेत, त्यामुळे जुन्या हेडसेटचा रुंद यूएसबी रिसीव्हर मागच्या पोर्टला लावायला सांगा.

जागा भरली की लोक परत येतात आणि आपण त्यांना एक्स्टर्नल हार्ड डिस्क देतो. इथे नीट समजावून सांगा. तिच्यावर प्लेस्टेशन ५ चा गेम साठवता येतो, तिथून खेळता येत नाही, खेळायच्या वेळी परत आत हलवावा लागतो. ४ चे गेम तिच्यावरून थेट चालतात. ५ च्या गेमसाठी जागा वाढवायची तर कन्सोलच्या आत बसणारी वेगवान स्टोरेजची पट्टी, म्हणजे एम.२ एनव्हीएमई एसएसडी लागते, जेन ४ ची (चौथ्या पिढीची) आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) असलेली. कमीत कमी ५,५०० एमबी प्रति सेकंद रीड स्पीडची घ्यावी, असं सोनीच सांगते. लॅपटॉपची साटावाली, म्हणजे जुन्या आणि हळू प्रकारची एम.२ इथे चालत नाही.

अकाउंट दुकानात उघडून देऊ नका

मदत करायच्या भावनेने आपली काउंटरवरची मुलं स्वतःचा ईमेल टाकून गिऱ्हाइकाचं अकाउंट चालू करून देतात. महिन्याभराने पासवर्ड विसरला की ईमेल कोणाकडे? नोकरी सोडून गेलेल्या पोराकडे. त्यात कोणी देश म्हणून अमेरिका निवडलेला असतो. प्लेस्टेशन अकाउंटचा देश नंतर बदलता येत नाही, आणि भारतातलं प्लेस्टेशनचं गिफ्ट कार्ड अमेरिकेच्या अकाउंटवर चालत नाही. मूल लहान असेल तर आधी आईबाबांचं अकाउंट, त्याखाली मुलाचं. हे घरी त्यांनाच करू द्या, तुम्ही फक्त पायऱ्या कागदावर लिहून द्या. ऑनलाइन खेळायला पीएस प्लसचे, म्हणजे प्लेस्टेशनच्या वर्गणीचे, पैसे लागतात का, हा प्रश्न हमखास येतो. विकतच्या बहुतेक गेमना लागतात, फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना लागत नाहीत.

निन्टेंडो स्विच २ ची, म्हणजे स्वतःची स्क्रीन असलेल्या, हातात धरून खेळायच्या कन्सोलची गोष्ट वेगळी. तो ५ जून २०२५ ला जगात आला, पण निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही. वाशीत, ठाण्यात जे मिळतात ते बाहेरून आणलेले. म्हणून वॉरंटीबद्दल खोटा दिलासा देऊ नका. जपानमधलं स्वस्त मॉडेल फक्त जपानी भाषेत चालतं आणि जपानच्याच अकाउंटवर, हे पैसे घेण्याआधी सांगा. जुनी मायक्रोएसडी कार्डं गेमसाठी चालत नाहीत, मायक्रोएसडी एक्स्प्रेस हे नव्या प्रकारचं कार्ड लागतं. स्विचचे गेम डिस्कऐवजी छोट्या कार्डावर येतात, पण काही गेमच्या कार्डात गेमच नसतो, नुसती किल्ली असते, गेम डाउनलोड करावा लागतो.

वाशीच्या एका छोट्या दुकानात माझ्या डोळ्यांसमोर काउंटरवरच्या मुलाने टेम्पर्ड ग्लास लावण्यासाठी स्विच २ च्या स्क्रीनच्या कोपऱ्यात नख घातलं आणि फिल्म उचलायला लागला. त्याला वाटलं, मोबाइलवर असते तशी कंपनीची पातळ फिल्म. ती फिल्म स्क्रीन फुटली तर काचा उडू नयेत म्हणून चिकटवलेली असते, काढायची नसते. मी ओरडले तेव्हा कोपरा जेमतेम सुटला होता. ग्लास त्या फिल्मच्या वरच लावायची.

माल कमी असला की कन्सोलसोबत दोन गेम आणि हेडसेट घेतलाच पाहिजे, अशी अट वरून येते. मला हे मनापासून खटकतं. एक वस्तू हवी तर दुसरी घ्याच, अशी सक्ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, आणि गिऱ्हाईक १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकतं. मॅनेजरला हे शांतपणे सांगा.

"काही दिसतच नाही" असा फोन आला तर

लगेच "दुकानात घेऊन या" म्हणू नका, डोंबिवलीहून कोणी बॉक्स घेऊन लोकलने येतं. आधी टीव्हीचा इनपुट बरोबर आहे का विचारा, मग केबल टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय पोर्टला लावायला सांगा. तरी पडदा काळा असेल तर प्लेस्टेशन ५ पूर्ण बंद करून पॉवरचं बटण दाबून धरायचं. एक बीप होतो, साधारण सात सेकंदांनी दुसरा, तेव्हा सोडायचं. सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीचा साधा मेनू उघडतो. कंट्रोलर केबलने जोडून पीएसचं बटण दाबायचं आणि चेंज व्हिडिओ आउटपुट निवडायचं. एवढं करूनही चित्र आलं नाही, तर सर्व्हिस सेंटरचा पत्ता द्या आणि बिल सोबत न्यायला सांगा.